घोसाळ्याची तगर

ठाण्यापासून कल्याणपर्यंत नव्या इमारतींच्या ऑफिसांत काचेच्या पेटीत जी मॉडेलं मांडलेली असतात, त्यांतली बरीचशी हिरवळ वर्तकनगरातल्या एका जेवणाच्या टेबलावर उगवते, हे सांगून कोणाला खरं वाटत नाही. त्या टेबलाचे मालक प्रभाकर टिपणीस. या गृहस्थांना मेथी कुठली आणि शेपू कुठला हे जुडी नाकाला लावल्याशिवाय कळत नाही. एकदा बायको माहेरी गेली असताना त्यांनी घरची तुळस पाणी घालघालून मारली, आणि वर "मी तर रोज दोनदा घालत होतो" असं तोंड वर करून सांगितलं. अशा माणसाच्या हातून हिरवाई पिकायची म्हणजे ती मातीतून कशी पिकेल? ती पिकते घोसाळ्याच्या जाळीतून, काथ्यातून आणि गादीच्या जुन्या स्पंजातून.

टिपणिसांची सगळी नोकरी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात गेली. शेड कुठे, गटार कुठे, ट्रक कुठून वळणार, हे आयुष्यभर रेघांनी आखायचं. रेघ सरळ आली आणि माप बिनचूक उतरलं की बाकीचं जग इकडचं तिकडे झालं तरी त्यांची हरकत नसे. असा माणूस निवृत्त होऊन घरी बसला की काय करतो? घरातल्यांची मापं काढतो. पोळ्या गोल का नाहीत, पडद्याची एक बाजू खाली का, हे शुभदाबाईंनी काही महिने ऐकून घेतलं. मग मुलगी वल्लरी कल्याणला फ्लॅट घ्यायचं म्हणत होती, तो बघायला त्यांनी नवऱ्याला एकट्यालाच धाडून दिलं.

तिथे फ्लॅट राहिला बाजूला. टिपणीस काचेच्या पेटीपुढे उभे राहिले ते हलेचनात. इमारत झकास होती. खिडक्यांना ग्रिल, गच्चीवर टाक्या, गेटवर करंगळीच्या नखाएवढा वॉचमन. आणि सभोवार हिरव्या रंगात बुडवलेले स्पंजाचे गोळे.

"हा गोळा खऱ्या मापात चौदा फूट रुंद होतो," टिपणीस मोठ्याने म्हणाले. "चौदा फूट रुंद आणि चेंडूसारखं गोल झुडूप कुणी बघितलंय का?"

पेटीच्या पलीकडे एक माणूस मोडलेला दिव्याचा खांब चिकटवत बसला होता. त्याने मान वर केली. हा मार्विन. मूळचा ठाण्याचाच, चर्चच्या मागच्या जुन्या ख्रिस्ती वस्तीतला. त्याच्या आजोबांनी भात पिकवला. याने ठाकुर्लीला गाळा घेऊन त्यात अॅक्रिलिकच्या इमारती पिकवायला घेतल्या होत्या.

"काका, बोलायला काय जातं," तो म्हणाला. "मी बिल्डिंग बनवतो, ते झाडांचं आपल्याला नाय जमत. तुम्ही बनवून आणा, मी लावतो. चॅलेंज!"

उचलली जीभ लावली टाळ्याला, अशांतले टिपणीस नव्हेत. ते खरंच करून घेऊन गेले, मिठाईच्या खोक्यात कापूस घालून. पहिलं झुडूप बघून मार्विनने "हे काय, भजी?" असं विचारलं. दुसऱ्या खेपेला विचारलं नाही. आणि तिसऱ्या खेपेला त्याने दुसऱ्या एका मॉडेलवरचे स्वतःचे गोळे खरवडून काढले आणि तिथे टिपणिसांची झुडपं लावली.

त्यांची रीत अशी. जळलेल्या पंख्याच्या मोटारीतली तांब्याची तार घ्यायची, चार-पाच पदरांना एकत्र पीळ द्यायचा आणि वरची टोकं फाकवायची. झालं खोड, झाल्या फांद्या. त्यांवर वाळलेल्या घोसाळ्याच्या जाळीचे विरविरीत तुकडे नाहीतर काथ्याचे धागे अडकवायचे. मग पाणी घालून पातळ केलेला फेव्हिकॉल फवारायचा आणि पानं पेरायची. पानं म्हणजे स्पंजाचा चुरा: हिरव्या रंगात भिजवून, वाळवून, मिक्सरमधून काढून, गाळणीने चाळलेला. मिक्सर कोणाचा, हे सांगायला नकोच. चटणीच्या भांड्याच्या तळाशी एकदा हिरवं काही राहिलं होतं, ते शुभदाबाईंना कोथिंबीर वाटलं. चव घेतल्यावर त्या जे बोलल्या ते इथे देण्यासारखं नाही. तेव्हापासून टिपणिसांचं भांडं वेगळं, गाळणी वेगळी आणि टेबलाची खिडकीकडची बाजू वेगळी अशी वाटणी झाली. रविवारी मटण असलं की मात्र समस्त जंगल कपाटावर चढवावं लागे.

आता शुभदाबाईंच्या बागेविषयी सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यापायी झालं.

इमारतीच्या मागे, कंपाउंडची भिंत आणि इमारत यांच्यामध्ये एक अरुंद पट्टी होती. शुभदाबाई लग्न होऊन इथे आल्या तेव्हा तिच्यात विटांचे तुकडे आणि सिमेंटची ढेकळं पडलेली. त्यांनी ती स्वतः वेचून काढली आणि माहेरच्या तगरीची फांदी आणून खोचली. ती जगली. मग कुंद आला, अनंत आला, अडुळसा, गवती चहा, एक जास्वंद, भिंतीवर घोसाळ्याचा वेल आणि कोपऱ्यात कढीपत्ता. शुभदाबाई सकाळचा चहा घ्यायच्या आधी तिथे जात आणि चेहरा धुतल्यासारख्या होऊन परत येत. पूजेला फुलं, खोकल्याला अडुळसा, आमटीला कढीपत्ता, सगळी इमारत तिथूनच नेत असे. विचारून नेणारे थोडे, पण शुभदाबाईंनी कधी कोणाला हटकलं नाही. एका माणसाने मात्र या बागेकडे इतक्या वर्षांत ढुंकून पाहिलं नव्हतं, आणि तो माणूस कोण हे चाणाक्ष वाचकाला सांगत बसत नाही.

टिपणिसांच्या झुडपांचं मार्विनने कौतुक केलं, आर्किटेक्टांनी केलं, वल्लरीने फोनवरून केलं. शुभदाबाई काही बोलत नव्हत्या. शेवटी एके दिवशी टिपणिसांनी एक ताजं झुडूप चिमट्यात धरून त्यांच्या नाकापुढे नेलं.

"रागावू नका," शुभदाबाई चष्मा पुसत म्हणाल्या, "पण मेल्यासारखी दिसतात हो तुमची झुडपं. सगळी एकाच दिवशी जन्मलेली. कुठे पिवळं पान नाही, कोणी वाकलेलं नाही, कोणाला कीड लागलेली नाही. झाड असं असतं का?"

"ही चांगली झुडपं आहेत," टिपणीस म्हणाले.

"तेच तर म्हणतेय मी," असं म्हणून शुभदाबाई कणीक मळायला निघून गेल्या.

ते फार झोंबलं. दोन दिवस चिमटा टेबलावर नुसता पडून राहिला. तिसऱ्या दिवशी रंगाचा रिकामा डबा उपडा घालून ते मागच्या बागेत जाऊन बसले. चौथ्या दिवशीही बसले. सोसायटीच्या सेक्रेटरी मंदाकिनीबाई पहिल्या मजल्यावर राहत, त्यांनी खिडकीतून बघितलं आणि न राहवून हाक मारली, "वहिनी, भाऊजींना घराबाहेर काढलंत की काय?"

"नाही गं," शुभदाबाई खालून म्हणाल्या. "माझ्या झाडांची मुलाखत घेतायत."

मुलाखत लांबली. टिपणिसांना नवलाच्या गोष्टी दिसायला लागल्या. तगर सरळ नव्हतीच मुळी. उजवीकडे पाण्याची टाकी होती, तिच्या सावलीला कंटाळून ती जन्मभर डावीकडे कलत गेली होती. कुंदाच्या बुंध्याशी पानंच नव्हती, कारण मांजर तिथे पाठ घासत असे. जास्वंदीच्या शेंड्यावर पांढरा कापूस दिसे, ती पिठ्या ढेकणाची कीड. आणि कढीपत्ता! कढीपत्ता माणसाच्या हाताच्या उंचीपर्यंत पार बोडका होता आणि त्याच्या वर एकदम गच्च. सगळी इमारत टाचा उंच करून जिथवर पोचत होती, तिथवर तिने त्याला ओरबाडलं होतं. टिपणीस त्या बोडक्या खोडाकडे बघून पहिल्यांदा मनापासून हसले.

याच सुमारास सोसायटीत रीडेव्हलपमेंटचं घोडं अडलं होतं. इमारत म्हातारी झालेली. मंदाकिनीबाईंच्या स्वयंपाकघरात छताचा एक पोपडा थेट वरणात पडला, तेव्हापासून त्या ओट्यापाशी उभ्या राहताना एक डोळा वर ठेवत. सगळ्यांना नवी इमारत हवी होती. शुभदाबाई भांडत नव्हत्या, विरोधात भाषणं करत नव्हत्या. फक्त दर सभेत एकच विचारत: "आणि मागची बाग?" बहुमत होतं, पुढे जाता आलं असतं. पण जिचा कढीपत्ता रोज आपल्या आमटीत पडतो, तिच्या नाकावर टिच्चून हात वर करायचा कसा? मंदाकिनीबाई ठराव पुढे ढकलत राहिल्या आणि छताकडे बघत राहिल्या.

बिल्डरने पाठवलेला आर्किटेक्ट सम्यक हा गोड बोलणारा, तरुण मुलगा होता. त्याने मॉडेलचं काम मार्विनला दिलं. मार्विनने नेहमीप्रमाणे तळाची फळी टिपणिसांकडे धाडली. मधे इमारतीचा ठोकळा, पुढे पार्किंग, आणि मागे इमारतीच्या पूर्ण लांबीभर हिरव्या रंगाचा रुंद पट्टा.

"काका, तुमचीच बिल्डिंग," तो फोनवर म्हणाला. "मागे एकदम मस्त ग्रीन करून टाका."

टिपणिसांनी हिरवा पट्टा बघितला आणि त्यांच्या डोक्यात एकच विचार आला: आता दाखवतोच.

पुढचे कित्येक दिवस टेबलाची खिडकीकडची बाजू ताटावर घालायच्या जाळीखाली झाकलेली राहिली. शुभदाबाईंना तिथे यायची बंदी होती. या वेळी चुरा एका हिरव्याचा नव्हता, पाच-सहा हिरव्यांचा होता. पिवळ्या पानांना हळद आणि वाळलेल्यांना उकळून सुकवलेली चहापूड. तगर बोटाच्या पेराएवढी झाली आणि डावीकडे कलली. कुंदाचा बुंधा बोडका राहिला. जास्वंदीच्या शेंड्यावर खसखशीहून बारीक कापूस बसला. घोसाळ्याचा वेल अर्थातच घोसाळ्याचाच होता. आणि कढीपत्ता त्यांनी तीन वेळा मोडून पुन्हा केला, कारण माणसाच्या हाताची उंची शंभर पटींनी लहान करून तिथवरच तो बोडका ठेवायचा, हे काम दिसतं तितकं सोपं नाही.

सभेच्या दिवशी हॉलमध्ये सम्यकने कापड बाजूला केलं. आधी सगळे इमारतीकडे बघत होते. लिफ्ट किती, गच्ची कोणाची. मग मंदाकिनीबाई वाकून मागच्या बाजूला गेल्या आणि किंचाळल्याच.

"अगं बाई! हा आपला कढीपत्ता!"

मग काय विचारता. खुर्च्या सरकल्या, चष्मे निघाले. "ही टाकीजवळची तगर!" "आणि हे बघा, कढीपत्ता कुठवर ओरबाडलाय ते बघा!" "तो तूच ओरबाडतेस." सगळी इमारत स्वतःच्या पापाला हसत होती. सम्यकला नीटसं काही कळलं नाही, पण लोक खूश आहेत एवढं कळलं, म्हणून तोही हसत होता.

शुभदाबाई सगळ्यांत शेवटी आल्या. त्यांनी पदर खोचला, गुडघ्यावर हात टेकून वाकल्या आणि खूप वेळ बघत राहिल्या. टिपणीस मॉडेलऐवजी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. मॅट्रिकचा निकालही त्यांनी असा बघितला नव्हता.

"बाग आहे," शुभदाबाई हळूच म्हणाल्या. मग सरळ उभ्या राहून मंदाकिनीबाईंना म्हणाल्या, "बाग राहणार असेल तर माझं काही म्हणणं नाही. घ्या पुढच्या रविवारी ठराव."

हॉलमध्ये टाळ्या पडल्या. त्या दिवशी घरी वालाचं बिरडं झालं, मधल्या वारी, कुठला सण नसताना. जेवता जेवता शुभदाबाईंनी विचारलं, "तगर कलती करायचं कसं सुचलं तुम्हाला?" आणि टिपणिसांनी टाकीचं, सावलीचं सगळं सांगितलं. शुभदाबाईंनी तगरीची फांदी माहेरून आणली त्या दिवसाची हकिकत सांगितली. संसाराला इतकी वर्षं झाली, पण दोघं झाडांविषयी बोलले ते त्या दिवशी पहिल्यांदा. टिपणिसांना ताटातलं बिरडं संपलेलंही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते पेढे घेऊन ठाकुर्लीला मार्विनच्या गाळ्यावर गेले.

"भारी झालं काका," मार्विन पेढा तोंडात टाकत म्हणाला. "खरं सांगू? मी तर टेन्शनमध्ये आलेलो. मी बोल्लो, काका तो पट्टा बघून कडेला चार झुडपं लावतील, बाकी गवत. तुम्ही तर पूर्ण गार्डन बसवून दिलं. पण तो सम्यक बोलला, छान दिसतंय, राहू दे."

"टेन्शन कसलं?"

"अहो, तो मागचा पट्टा म्हणजे आगीच्या बंबाचा रस्ता ना. एवढ्या उंच बिल्डिंगला चारी बाजूंनी बंब फिरला पाहिजे. तिथे कुंडी पण ठेवायला देत नाहीत." मार्विनने दुसरा पेढा उचलला. "मॉडेलमध्ये हिरवा दाखवतात, जरा बरं दिसतं म्हणून. तुम्हाला तर माहितीच असेल."

टिपणिसांना माहीतच होतं. कारखान्याच्या प्रत्येक शेडभोवती बंबाचा तो रस्ता त्यांनी स्वतःच्या हाताने आखला होता. त्याच्यात कुणी पिंप ठेवलं तर साहेबांकडे तक्रार करणारे हेच. आणि स्वतःच्या घरामागचा रस्ता त्यांना दिसला नाही, कारण तो हिरवा होता आणि त्यांना बायकोला जिंकायचं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

"काका, चेहरा का पडला? मॉडेल म्हणजे मॉडेल. सगळ्यांना ठाऊक असतं."

"हिला नाही ठाऊक," टिपणीस म्हणाले.

"मग नका ना सांगू. बिल्डिंग व्हायला चार-पाच वर्षं. तोपर्यंत कोण बघतंय?"

सल्ला काही अगदीच टाकाऊ नव्हता. टिपणिसांनी तो सगळा आठवडा चघळला. सम्यक सांगेल ना, त्याचं कामच आहे ते. मंदाकिनीबाई विचारतील. आणि मंदाकिनीबाईंच्या छताचं काय? बाग मोठी की माणसाचं डोकं? अशी एकेक पळवाट ते सरळ रेघेत आखून ठेवत, आणि मग स्वयंपाकघरातून शुभदाबाईंचा आवाज येई.

"अहो, बांधकाम चालू असताना तगरीभोवती पत्रे लावायला सांगाल ना त्या मुलाला? सिमेंट उडेल तिच्यावर."

"सांगेन."

"आणि अनंताला जरा उन्हात सरकवला तर? तुम्ही बघितलंयत तो कसा खुरटलाय. मॉडेलात कुठे लावलात?"

"टाकीपाशीच."

"बघा, तिथेही खुरटणार बिचारा," असं म्हणून शुभदाबाई हसत. त्या इतक्या हसत्या झालेल्या टिपणिसांनी कधी बघितल्या नव्हत्या. दोनदा त्यांनी सांगायला तोंड उघडलं. एकदा कुकरची शिट्टी झाली. एकदा शिट्टीही झाली नाही, तरी सांगवलं नाही. भित्रेपणाला निमित्त लागतंच असं नाही.

रविवार आला. हॉल भरला. मंदाकिनीबाई नवी साडी नेसून आल्या होत्या. मॉडेल टेबलावर मधोमध होतं आणि सम्यक म्हणत होता की कोणाला काही शंका असतील तर विचारा. शंका कोणालाच नव्हती. शुभदाबाई पहिल्या रांगेत बसून लांबूनच आपल्या तगरीकडे बघत होत्या.

टिपणीस उठले. भाषण करणं हे त्यांच्या सात पिढ्यांत कोणाला जमलं नव्हतं. त्यांनी खिशातून चिमटा काढला, टेबलाच्या मागच्या बाजूला गेले आणि कुंद उपटला.

"अहो सर!" सम्यक धावला. "मॉडेल डॅमेज होईल!"

"होऊ दे. माझंच काम आहे." त्यांनी अनंत काढला, अडुळसा काढला. वेल भिंतीसकट निघाला. तगरीपाशी हात जरा थांबला, मग तीही निघाली. कढीपत्ता फेव्हिकॉलने घट्ट धरला होता. तो मुळापाशी मोडला आणि त्याचं बोडकं खोड तेवढं उभं राहिलं. टिपणिसांनी तेही खेचून काढलं. सगळं बरोबर आणलेल्या मिठाईच्या खोक्यात कापसावर ठेवलं आणि मग ते बोलले, शुभदाबाईंकडे न बघता.

"हा बंबाचा रस्ता आहे. इथे काही लावता येत नाही, कुंडीसुद्धा नाही. बाग राहणार नाही. मला कळायला हवं होतं, मी आयुष्यभर हेच आखत आलो. माझी झुडपं बघून तुम्ही हात वर करणार होतात, म्हणून काढली."

"खरंय का हे?" मंदाकिनीबाईंनी सम्यकला विचारलं.

सम्यक कानापर्यंत लाल झाला. "हो, म्हणजे, आम्ही लपवलं नव्हतं काकू. नकाशात आहे ना. फक्त दिसायला छान वाटत होतं, म्हणून..."

मंदाकिनीबाई मटकन खुर्चीत बसल्या. आता नवी इमारत गेली आणि छत राहिलं, हे त्यांच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं. सगळ्यांनी शुभदाबाईंकडे बघितलं. शुभदाबाई उठून टेबलापाशी आल्या. हिरव्या पट्ट्यावर आता नुसते गोंदाचे डाग आणि भोकं उरली होती. त्यांनी त्यावरून एकदा बोट फिरवलं.

"मागच्या सभेत मी हो म्हटलं होतं, ते परत घेते," त्या म्हणाल्या.

कुणीतरी मोठा सुस्कारा सोडला.

"आता हे असं बघून हो म्हणते. मंदाकिनीच्या डोक्यात स्लॅब पडायची वाट बघत बसणारी बाई नाहीये मी. पण हे असंच पुढ्यात ठेवून विचारायचं होतं मला. मी काय लहान मूल आहे, चित्र दाखवून भरवायला?" आणि त्यांनी हात वर केला, अगदी सरळ, आणि सगळे हात वर होईपर्यंत तसाच धरून ठेवला. मग चप्पल घालून त्या बाहेर गेल्या. घरी नाही गेल्या.

टिपणीस खोका घेऊन मागे गेले तेव्हा शुभदाबाई तगरीखाली बसल्या होत्या. रडत होत्या, लपवत नव्हत्या. टिपणीस शेजारी जमिनीवरच बसले. त्या वयात बसायला वेळ लागतो तेवढा लागला. माफी मागावी तर कशाकशाची मागायची, असा प्रश्न होता.

शुभदाबाईंनी हात पुढे केला. टिपणिसांनी खोका दिला. त्यांनी आतली तगर अलगद उचलून तळहातावर घेतली आणि डोळ्यांजवळ नेली. तिच्या बुंध्याशी एक पिवळं पान होतं, डोळे बारीक केल्याशिवाय न दिसणारं.

"एवढी हुबेहूब कशाला केलीत हो?"

"तुला आवडावी म्हणून," टिपणीस म्हणाले. दुसरं काही खरं नव्हतंच.

"आवडली ना," शुभदाबाई म्हणाल्या, आणि पुन्हा रडायला लागल्या. "आवडली म्हणून तर हो म्हटलं होतं मी."

टिपणिसांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. वर पहिल्या मजल्यावर मंदाकिनीबाईंची खिडकी उघडली, कोणीतरी कढीपत्त्याकडे आणि मग खालच्या दोघांकडे बघितलं असावं, आणि खिडकी पुन्हा हळूच लागली.